काका बॅप्टिस्टा : एका नगरसेवकाची कारकीर्द आणि दप्तरांची साक्ष

मुंबईच्या हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानकाला लागून भंडारवाड्याची टेकडी आहे. या टेकडीवर पूर्वी माझगावचा किल्ला होता. १८८४ साली तेथे शहराला पाणीपुरवठा करणारा जलाशय बांधण्यात आला. आज त्या जलाशयावरील बागेला जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान असे नाव आहे. संध्याकाळी या बागेत फिरायला येणाऱ्या शेकडो माणसांपैकी फारच थोड्यांना हे जोसेफ बॅप्टिस्टा कोण होते हे सांगता येईल. आपल्या ख्रिस्ती समाजातही त्यांचे नाव प्रसंगाप्रसंगाने घेतले जाते. ते लोकमान्य टिळकांचे मित्र होते आणि मुंबईचे महापौर होते, एवढे सांगून आपण थांबतो.

परंतु बॅप्टिस्टा यांच्या सार्वजनिक जीवनाचा पाया वेगळाच होता. ते आधी नगरसेवक होते. १९०१ साली ते मुंबई महापालिकेत गेले आणि सुमारे सतरा वर्षे त्यांनी तेथे काम केले. नगरसेवकाचे काम हे गटारे, पाणी, रस्ते, कर, अंदाजपत्रक यांचे काम असते. त्याचे पोवाडे कोणी गात नाही. ते काम दप्तरांत नोंदले जाते आणि दप्तर उघडले नाही तर तेथेच पडून राहते. म्हणून या लेखात आपण दोन गोष्टी पाहणार आहोत : काका बॅप्टिस्टा यांची कारकीर्द, आणि ती कारकीर्द आपल्याला ज्या कागदपत्रांतून कळते ती कागदपत्रे. त्यांतून एक प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्या समाजाला टाळता येण्याजोगा नाही. आपल्या पूर्वजांविषयी आपण जे अभिमानाने सांगतो, त्यातले लेखी पुराव्याने सिद्ध होणारे किती आणि केवळ ऐकीव किती?

माझगावचा मुलगा

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी माझगावमधील माथारपाखाडी येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे उत्तनचे. ज्या समाजाने १८८७ साली 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले, त्या समाजाचे ते सुपुत्र. माथारपाखाडीची लाकडी जिन्यांची घरे व तेथील क्रूस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या वस्तीचे वेगळेपण सांगावयास नको.

माझगावच्या सेंट मेरीज शाळेत शिक्षण झाल्यावर त्यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदविका मिळविली. पुढे ते इंग्लंडला गेले. केंब्रिजला फिट्झविल्यम येथे राहून त्यांनी राज्यशास्त्राची पदवी घेतली आणि बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले. आयर्लंडच्या लोकांनी चालविलेली 'होम रूल'ची चळवळ त्या काळी इंग्लंडच्या राजकारणाचा मोठा विषय होती. साम्राज्यात राहून आपला कारभार आपण करावा, ही कल्पना बॅप्टिस्टांच्या मनात तेव्हापासून रुजली.

येथे एक लहानशी गोष्ट ध्यानात घ्यावी. कोणत्याही कॅथोलिक माणसाच्या कारकिर्दीची पहिली सरकारी नोंद होण्यापूर्वी त्याची धर्मग्रामातील नोंद झालेली असते. स्नानसंस्काराच्या वहीत त्याचे नाव, मातापित्यांची नावे, धर्ममातापित्यांची नावे आणि तारीख लिहिलेली असते. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली विवाहाच्या नोंदी ठेवण्याचा नियम सार्वत्रिक केला. सध्याच्या धर्मविधिसंहितेतील ५३५ वा नियम प्रत्येक धर्मग्रामाला स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवण्यास आणि जुनी कागदपत्रे जपण्यास सांगतो. म्हणजे दप्तर सांभाळण्याचे काम आपल्याला नवीन नाही. ते आपल्या परंपरेचाच भाग आहे.

१९०१ ची मुंबई, १९०१ ची महापालिका

बॅप्टिस्टा महापालिकेत गेले तो काळ शहराच्या दृष्टीने अत्यंत कठीण होता. १८९६ साली मुंबईत ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची साथ आली आणि पुढील अनेक वर्षे ती दरसाल परत येत राहिली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ च्या जनगणनेत ती ७,७६,००६ भरली. वाढत्या गिरण्यांच्या शहरात दहा वर्षांत माणसे पंचेचाळीस हजारांहून अधिक कमी झाली होती. काही मृत्युमुखी पडली, काही गाव सोडून गेली. गलिच्छ वस्त्या पाडून नवे रस्ते व घरे बांधण्यासाठी सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. घर कोणाचे पाडावयाचे, नुकसानभरपाई किती द्यावयाची, पाणी कोणत्या वस्तीला आधी द्यावयाचे, हे त्या काळचे ज्वलंत प्रश्न होते.

महापालिकेचा कारभार १८८८ च्या कायद्याने चालत होता. त्या कायद्यानुसार सभागृहात ७२ सभासद असत. त्यांपैकी ३६ जणांना निरनिराळ्या विभागांतील करदाते निवडून देत. १६ जणांना जस्टिस ऑफ द पीस निवडत. २ जण विद्यापीठाच्या वतीने आणि २ जण व्यापारी मंडळाच्या वतीने येत. उरलेल्या १६ जणांची नेमणूक सरकार करी. यावरून दिसते की अर्धेच सभासद करदात्यांनी निवडलेले होते, आणि मत देण्याचा हक्क ठराविक कर भरणाऱ्यालाच होता. भाड्याच्या खोलीत राहणारा गिरणी कामगार, गोदीतील हमाल, मासे विकणारी कोळीण यांना या निवडणुकीत स्थान नव्हते.

कायद्याने तीन अधिकारी ठरवून दिले होते : संपूर्ण महापालिका सभा, १२ सभासदांची स्थायी समिती, आणि महापालिका आयुक्त. रोजचा कारभार आयुक्तांच्या हाती असे व त्यांची नेमणूक सरकार करी. पोलीस, जमीन, बंदर यांवर महापालिकेची सत्ता नव्हती. त्या काळी सर फिरोजशहा मेहता यांचे सभागृहावर मोठे वजन होते. अशा सभागृहात माझगावचा एक तरुण बॅरिस्टर जाऊन बसला.

नगरसेवकाच्या हाती काय होते?

आज आपण ज्याला 'नगरसेवक' म्हणतो, त्याला त्या काळी लोक 'म्युनिसिपालिटीचे मेंबर' म्हणत. त्याला कोणतेही खाते नसे, कचेरी नसे, हुकूम काढण्याचा अधिकार नसे. त्याच्या हाती तीनच साधने होती. एक, प्रश्न विचारणे. दोन, ठराव मांडणे किंवा दुसऱ्याच्या ठरावाला उपसूचना देणे. तीन, अंदाजपत्रकाच्या वेळी पैसा मंजूर करणे अथवा नाकारणे. या तिन्ही गोष्टी शब्दांनी व हात वर करून होतात. त्या झाल्याक्षणी संपतात. त्यांचे जे उरते ते कागदावर उरते.

म्हणूनच १८८८ च्या कायद्याने सभेचे इतिवृत्त ठेवण्याची जबाबदारी पालिकेच्या चिटणीसावर टाकली. सभेला कोण हजर होते, कोणी काय मांडले, कोणी अनुमोदन दिले, मतमोजणी झाली तर कोण कोणत्या बाजूला होते, हे लिहून ठेवणे भाग पडले. नगरसेवकाच्या कारकिर्दीचा कणा हाच. एखादा सभासद वर्षभरात किती सभांना आला, कोणत्या विषयावर बोलला आणि कोणत्या विषयावर गप्प बसला, हे त्या पानांवरून काढता येते. भाषणे करणारा आणि मत देतेवेळी गैरहजर राहणारा सभासद इतिवृत्तापासून लपू शकत नाही.

लूककृत शुभवर्तमानात धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावून कारभाराचा हिशेब मागतो, तो दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. सार्वजनिक दप्तराचा अर्थ हाच आहे. लोकांनी ज्याच्या हाती कारभार सोपविला, त्याच्याकडे हिशेब मागण्याचे ते साधन आहे. हिशेब त्याच दिवशी मागता आला नाही, तरी शंभर वर्षांनीही तो मागता येतो.

एकाच माणसाची अनेक दप्तरे

बॅप्टिस्टा यांचा शोध घेणाऱ्याला एकाच कपाटात सगळे सापडत नाही. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचे धागे निरनिराळ्या प्रकारच्या कागदपत्रांत विखुरलेले आहेत, आणि प्रत्येक प्रकारच्या कागदाचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला प्रकार म्हणजे महापालिकेचे स्वतःचे कागद : सभेची व स्थायी समितीची इतिवृत्ते आणि आयुक्तांचे वार्षिक अहवाल. हे कागद निर्णय सांगतात; निर्णयामागचा राग, विनवणी किंवा हशा सांगत नाहीत.

दुसरा प्रकार वर्तमानपत्रांचा. 'टाइम्स ऑफ इंडिया', फिरोजशहांनी १९१३ साली सुरू केलेले 'बॉम्बे क्रॉनिकल' आणि पुण्याचा 'केसरी' यांनी त्या काळचे राजकारण आपापल्या दृष्टीने टिपले. वर्तमानपत्र बोलणे सांगते, परंतु बोलणाऱ्याविषयी त्याचे स्वतःचे मतही असते. इतिवृत्त आणि वर्तमानपत्र शेजारी ठेवून वाचले तरच सभागृह डोळ्यांपुढे उभे राहते.

तिसरा प्रकार न्यायालयाच्या कागदांचा. बॅप्टिस्टा वकील होते. १९०८ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला; त्यांना कायद्याची मदत करणाऱ्यांत बॅप्टिस्टा होते. पुढे १९१० साली नाशिक कटाच्या खटल्यात विनायक दामोदर सावरकर यांच्या बचावासाठी जे वकील उभे राहिले, त्यांतही त्यांचे नाव आहे. अशा खटल्यांत उभे राहणे त्या वेळी वकिलाच्या व्यवसायाला पोषक नव्हते, हे सांगणे नलगे.

चौथा प्रकार सरकारच्या गृहखात्याचा व पोलिसांचा. हा प्रकार सर्वांत विलक्षण आहे आणि तो जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे.

विरोधकाने जपलेली साक्ष

एप्रिल १९१६ च्या अखेरीस बेळगाव येथे मुंबई प्रांतिक परिषद भरली. त्या वेळी टिळकांच्या प्रेरणेने होम रूल लीगची, म्हणजे स्वराज्य संघाची स्थापना झाली. टिळकांनी स्वतः कोणतेही पद घेतले नाही. संघाचे अध्यक्ष झाले जोसेफ बॅप्टिस्टा आणि चिटणीस झाले नरसिंह चिंतामण केळकर. महाराष्ट्रातील एका मोठ्या राजकीय चळवळीच्या अग्रभागी एक कॅथोलिक ख्रिस्ती माणूस होता, ही गोष्ट नोंदीने सिद्ध आहे. तीत कोणाला काही मिळवावे किंवा वगळावे लागत नाही. याच संघाच्या कामासाठी बॅप्टिस्टा १९१७ साली इंग्लंडला गेले आणि तेथील मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी त्यांनी संपर्क साधला.

संघ स्थापन झाल्यावर टिळकांनी १ मे रोजी बेळगावला आणि ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरला भाषणे केली. ती मराठीत होती. सरकारच्या माणसांनी ती टिपून घेतली आणि त्यांच्या आधारे टिळकांवर जामिनाची कारवाई केली. १२ ऑगस्ट १९१६ रोजी पुण्याच्या दंडाधिकाऱ्याने टिळकांकडून वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजार रुपयांचे दोन जामीन मागितले. मुंबई उच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हा हुकूम रद्द केला. स्वराज्याची मागणी करणे हा राजद्रोह ठरत नाही, हे त्यामुळे लोकांच्या मनावर ठसले.

यातील बोध असा की सरकारने ती भाषणे शिक्षा करण्यासाठी लिहून घेतली, आणि त्याच नोंदींमुळे ती पुढील पिढ्यांना मिळाली. मुंबई सरकारने आपल्या जुन्या दप्तरांतून स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधने निवडून ग्रंथरूपाने छापण्यास १९५७ साली प्रारंभ केला. १९५८ सालच्या दुसऱ्या खंडात १८८५ ते १९२० या काळातील कागद आहेत. मूळ कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. १८२१ साली मुंबई सरकारचे दप्तर म्हणून सुरू झालेली ही संस्था अनेक दशके काळा घोडा येथील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत नांदली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने आपले कागद २०१५ पासून 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावरही पाहण्यास देण्याचा उपक्रम चालविला आहे. पूर्वी ज्यासाठी दिल्लीची वारी करावी लागे, ते काही अंशी आता घरबसल्या होऊ शकते.

एक पत्र

पाचवा प्रकार खाजगी पत्रांचा. याचे एक सुंदर उदाहरण उपलब्ध आहे. १९१९ च्या सुमारास टिळकांच्या अनुयायांनी नवा पक्ष काढण्याचे ठरविले व त्या पक्षासाठी मुंबईहून एक इंग्रजी दैनिक काढण्याचा बेत केला. संपादक म्हणून त्यांना श्रीअरविंद हवे होते. बॅप्टिस्टांनी तशी विनंती करणारे पत्र पाँडिचेरीला पाठविले. अरविंदांनी ५ जानेवारी १९२० रोजी बॅप्टिस्टांना सविस्तर उत्तर लिहून ही विनंती नम्रपणे नाकारली. राजकारण हे हीन कार्य आहे असे आपण मानत नाही, परंतु आपल्या हाती घेतलेले आध्यात्मिक कार्य पूर्ण झाल्यावाचून ब्रिटिश हिंदुस्थानात परतणे आपल्याला शक्य नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. हे उत्तर अरविंदांच्या समग्र साहित्यात छापले गेले आहे.

एका पत्रावरून किती गोष्टी कळतात पाहा. त्या वर्तुळात बॅप्टिस्टांच्या शब्दाला मान होता. नव्या पक्षाच्या उभारणीत ते मध्यभागी होते. एका कॅथोलिक बॅरिस्टरने एका योग्याला संपादकपद देऊ करावे यात कोणालाही काही विचित्र वाटत नव्हते. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्यांचे मुंबईत निधन झाले आणि ती सारी योजना मागे पडली. पत्र मात्र राहिले, कारण ते ज्याने लिहिले त्याच्या शिष्यांनी त्याचा प्रत्येक कागद जपला. हे सुख सर्वांच्या वाट्याला येत नाही.

कामगार आणि मताधिकार

१९२० साली ३१ ऑक्टोबर रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरले. बॅप्टिस्टा हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. १९२१ साली झरिया येथे, कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात, दुसरे अधिवेशन भरले तेव्हा अध्यक्षस्थान त्यांना मिळाले.

या कामाकडे त्यांच्या महापालिकेतील कामापासून वेगळे काढून पाहू नये. ज्या सभागृहात ते वर्षानुवर्षे बसले, त्यात कामगाराला मत नव्हते. १९२२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. सभासदांची संख्या ७२ वरून १०६ वर गेली. विभागांतून निवडून येणाऱ्यांची संख्या ३६ वरून ७६ झाली. आणि महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्यालाही मताचा हक्क मिळाला. तरीही चाळीतील एका खोलीचे दहा रुपयांहून कमी भाडे देणारा कामगार बाहेरच राहिला. प्रौढ मतदानाच्या पद्धतीने महापालिकेची पहिली निवडणूक व्हावयास १९४८ साल उजाडले. ते पाहण्यास काका हयात नव्हते. १९३० साली त्यांचे निधन झाले होते.

महापौर की अध्यक्ष?

बॅप्टिस्टा १९२५-२६ साली मुंबईचे महापौर होते असे आपण नेहमी वाचतो, आणि महापौरांच्या यादीतही त्यांचे नाव आहे. पण त्या वर्षीचा कागद पाहिला तर त्यावर 'महापौर' हा शब्द नाही. त्या वेळी त्या पदाला 'अध्यक्ष' म्हणत. 'महापौर' हे नाव १९३१ पासून आले. त्यांच्या आधीच्या वर्षी विठ्ठलभाई पटेल याच अध्यक्षपदावर होते.

पद तेच, मग नावाचा एवढा विचार कशाला? कारण 'महापौर' म्हटले की शहराचा धनी असे चित्र मनात उभे राहते. अध्यक्ष हा सभेचा प्रमुख असे. सभा नियमाने चालविणे, सर्वांना बोलू देणे आणि शहराच्या वतीने बोलणे, हे त्याचे काम. कारभाराची सत्ता आयुक्तांकडेच होती. १९०१ साली ७२ जणांच्या सभागृहात शिरलेल्या नव्या सभासदावर १९२५ साली १०६ जणांच्या सभागृहाने आपला प्रमुख म्हणून विश्वास टाकला, ही त्या पदाची खरी किंमत आहे. सोबत्यांनी दिलेला तो विश्वास होता, आणि सभागृहात आपल्या धर्माचे लोक अल्पसंख्य असताना तो मिळाला होता. यादीतील मोठ्या शब्दापेक्षा कागदावरील साधा शब्द येथे त्यांचा अधिक गौरव करतो.

घोषणेचे श्रेय

आता सर्वांत नाजूक विषय. स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे, ही लोकमान्यांच्या नावाने अजरामर झालेली घोषणा मुळात काका बॅप्टिस्टांनी सुचविली, असे आपल्या समाजात सांगितले जाते. अनेक लेखांत व भाषणांत ते सिद्ध सत्य म्हणून येते.

या श्रेयाची भिस्त आठवणींवर आणि पुढे झालेल्या चरित्रपर लेखनावर आहे. घोषणा लोकांपुढे टिळकांच्या मुखातून आली आणि त्यांच्या भाषणांच्या नोंदींत ती त्यांचीच म्हणून आहे. दोन मित्र वर्षानुवर्षे एकत्र काम करीत होते. एक आयरिश चळवळीचा अभ्यासक बॅरिस्टर, दुसरा जनतेची नाडी ओळखणारा पुढारी. एकाच्या बोलण्यातील कल्पना दुसऱ्याच्या वाणीत उतरणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु स्वाभाविक असणे आणि सिद्ध असणे यांत अंतर आहे. म्हणून ही गोष्ट सांगताना 'असे म्हटले जाते' हे तीन शब्द गाळू नयेत.

काहींना हे ऐकून वाईट वाटेल. स्वातंत्र्यलढ्यात ख्रिस्ती समाज कोठे होता असा प्रश्न आपल्याला अधूनमधून विचारला जातो, आणि त्या वेळी ही घोषणा आपल्याला ढालीसारखी वाटते. परंतु जी ढाल एका प्रश्नाने गळून पडते, ती कामाची नव्हे. घोषणेचे श्रेय बाजूला ठेवले तरी शिल्लक काय राहते ते पाहा : स्वराज्य संघाचे अध्यक्षपद, टिळक व सावरकर यांच्या खटल्यांतील साहाय्य, कामगारांच्या अखिल भारतीय संघटनेची उभारणी, महापालिकेतील सतरा वर्षे आणि अखेर तिचे अध्यक्षपद. हे सर्व नोंदीने उभे आहे. आपल्या माणसाची थोरवी वाढविण्यासाठी आपण एखादे संशयित नाणे त्याच्या थैलीत टाकतो, तेव्हा लोक थैलीतील खरी नाणीही वाजवून पाहू लागतात. दप्तराशी प्रामाणिक राहणे हे काकांच्या स्मृतीशी प्रामाणिक राहणेच आहे.

के. आर. शिरसाट यांनी काकांचे इंग्रजी चरित्र लिहिले व ते १९७४ साली पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केले. त्यानंतर अर्धशतक लोटले आहे आणि दप्तरांच्या वाटा पुष्कळ मोकळ्या झाल्या आहेत. महापालिकेच्या इतिवृत्तांतून काकांचे प्रश्न, ठराव आणि मते वर्षावार एकत्र करून मराठीत मांडणे, हे आपल्या एखाद्या तरुण अभ्यासकाला शोभणारे काम आहे.

आपण काय करावे?

प्रिय वाचकहो, हा विषय फक्त इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा नाही. आपल्या गावांतून, धर्मग्रामांतून आजवर किती सरपंच, नगराध्यक्ष, नगरसेवक, सहकारी संस्थांचे चालक आणि शिक्षक होऊन गेले! त्यांच्या निधनानंतर घराची रंगरंगोटी निघते आणि पत्रे, फोटो, सभांच्या सूचना, वर्तमानपत्रांची कात्रणे रद्दीत जातात. पन्नास वर्षांनी त्याच माणसाविषयी आपण ऐकीव गोष्टी सांगू लागतो.

काही साध्या गोष्टी प्रत्येक कुटुंबाला करता येतील. जुने कागद टाकून देण्यापूर्वी घरातील जाणत्या माणसाला दाखवावेत. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, ठिकाण व वर्ष लिहावे. बॉलपेनने दाबून लिहू नये. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक पुढे कागद खातो. कागद प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करून घेऊ नयेत. ओल, कसर आणि उंदीर यांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावेत. मोबाइलवर त्यांचे छायाचित्र काढून ठेवले तरी मूळ कागद टाकू नये. ज्यांना घरी सांभाळणे शक्य नसेल, त्यांनी आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. धर्मप्रांताने आपली कागदपत्रे नीट सांभाळावीत असे ख्रिस्तसभेचा नियमच सांगतो.

धर्मग्रामाच्या नोंदवह्यांबाबत मात्र एक पथ्य आहे. त्यांत अनेक कुटुंबांच्या खाजगी गोष्टी असतात. म्हणून त्या धर्मगुरूंच्या अनुमतीनेच पाहाव्यात व पानांची छायाचित्रे सर्वत्र पसरवू नयेत. रोम येथील पोपचे दप्तर लिओ तेरावे यांनी १८८१ साली अभ्यासकांना खुले केले, आणि २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्याच्या नावातील 'गुप्त' हा शब्दही काढून टाकला. खुलेपणा आणि शिस्त ही दोन्ही तेथे हातात हात घालून चालतात.

दुसरी गोष्ट नागरिक म्हणून करावयाची. सार्वजनिक कागदपत्रे जपण्यासाठी केंद्राचा १९९३ चा कायदा आहे, आणि २००५ च्या माहितीच्या अधिकाराने सामान्य माणसालाही ती मागता येतात. आपल्या विभागाचा नगरसेवक किती सभांना गेला, त्याने कोणते प्रश्न विचारले, कोणत्या ठरावाला होकार दिला, हे आपण कितीदा विचारतो? निवडणुकीच्या वेळी आपण फलक आणि घोषणा वाचतो. एकदा इतिवृत्त वाचावयास मागून पाहावे. आज ते मागणारा कोणी असेल तर सभासद जपून मत देईल आणि चिटणीस जपून लिहील. आणि शंभर वर्षांनी जो कोणी आपल्या काळाचा शोध घेईल, त्याला ते पान कोरे सापडणार नाही.